कागद हातात दिला म्हणजे सांगून झाले असे नाही

सरकारी दवाखान्यात कर्णबधिर माणूस आला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : "ऐकू येत नाही ना? मग लिहून द्या." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. त्याला वाटते, कान नसले तरी डोळे आहेत, शाळेत गेलेला दिसतो, सही करतो, म्हणजे वाचून घेईल. चिठ्ठी पुढे सरकते आणि पुढचा नंबर पुकारला जातो. तो पुकाराही त्या माणसाला ऐकू येत नाही, पण त्याला चिठ्ठी दिली म्हणजे आपले काम झाले असे सगळे धरून चालतात. आमचे म्हणणे असे, की बहुतेक वेळा तिथे काम झालेलेच नसते. नर्स म्हणून वॉर्डात आणि नंतर वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे इतक्यांदा पाहिले आहे, की या पानावर त्याबद्दल स्पष्ट लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

ज्याला ऐकू येत नाही त्याला वाचता येते, हा समज अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्यामुळे चुकीच्या वेळी गोळ्या घेतल्या जातात, न समजलेल्या कागदावर सह्या होतात आणि माणसे मुकाट्याने घरी परत जातात.

सगळे कर्णबधिर एकसारखे नसतात

आपल्याच वस्तीत पाहा. यंत्रमागावर किंवा कारखान्यात आयुष्य घालवलेले आजोबा असतात. साठीनंतर त्यांना ऐकू येईनासे होते. मराठी ही त्यांची लहानपणापासूनची बोली. कान गेले, पण भाषा डोक्यात शाबूत आहे. वाचता येत असेल तर त्यांच्यासाठी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिणे हाच उत्तम उपाय आहे.

दुसरे म्हणजे कमी ऐकू येणारे. त्यांना मशीन लावून थोडेफार ऐकू येते, पण गर्दीत, पंख्याच्या आवाजात किंवा समोरच्याच्या तोंडावर मास्क असला की शब्द निसटतात. यांना बोलणे आणि लिहिणे दोन्ही लागते.

तिसरे, जे जन्मापासून किंवा बोलायला शिकण्याआधीपासून कर्णबधिर आहेत. आजचा हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे, कारण "लिहून द्या" या सल्ल्याचा सर्वांत मोठा फटका त्यांनाच बसतो.

२०११ च्या जनगणनेत देशात ऐकण्याचे अपंगत्व असलेल्या ५० लाखांहून अधिक लोकांची नोंद झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त श्रवणदोष असेल तर कर्णबधिर आणि ६० ते ७० डेसिबल असेल तर कमी ऐकू येणारा, अशी विभागणी आहे. पण कोणाची भाषा कोणती, त्याला काय वाचता येते, हे डेसिबलवरून कळत नाही. त्यासाठी त्या माणसालाच विचारावे लागते.

अक्षर येते, भाषा येत नाही

ऐकणारे मूल पहिलीत जाते तेव्हा हजारो शब्द डोक्यात घेऊन जाते. आईच्या अंगाईपासून नळावरच्या भांडणापर्यंत सगळे त्याच्या कानावर पडलेले असते. शाळा त्याला फक्त एवढेच शिकवते, की तुला येणारा "पाणी" हा शब्द कागदावर असा दिसतो. भाषा आधी येते, अक्षर नंतर.

जन्मतः कर्णबधिर मुलाचे उलटे होते. "प" चा उच्चार त्याने कधी ऐकलेला नाही. त्याच्यासाठी ती एक आकृती आहे. प, काना, णी असे जोडून मनातल्या मनात वाचायला आधी मनात तो आवाज असावा लागतो. अशा दहांपैकी नऊ मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्माला येतात. घरात कोणालाच खुणांची भाषा येत नसते. जेव, झोप, ये, जा, मारीन, एवढ्या घरगुती खुणांवर पाच-सहा वर्षे निघतात. "उद्या", "कदाचित", "का", "जर ताप आला तर" हे त्याला कोणत्याच भाषेत कोणी सांगितलेले नसते. मग असे मूल एकदम मराठीच्या पुस्तकासमोर बसवले जाते. आपल्यापैकी कोणाला न ऐकलेली चिनी भाषा केवळ पुस्तकावरून शिकायला सांगितली, तर आपले जे होईल तेच त्याचे होते.

अशी मुले फळ्यावरचे उतरवून काढण्यात फार हुशार होतात. अक्षर मोत्यासारखे असते. घरचे कौतुकाने वही दाखवतात. पण त्याच वहीतल्या एका ओळीचा अर्थ विचारला की मूल आपल्या तोंडाकडे पाहत राहते. अमेरिकेत कर्णबधिर मुलांच्या वाचनाच्या चाचण्या कित्येक दशके घेतल्या गेल्या. शाळा संपवणाऱ्या १७-१८ वर्षांच्या मुलांचे सरासरी वाचन साधारण चौथीच्या मुलाइतके भरते, असे त्यात पुन्हा पुन्हा दिसले. याचे कारण बुद्धी कमी असणे हे नाही. लहानपणी पोटभर भाषा न मिळणे हे आहे. ज्यांना पहिल्या वर्षांपासून खुणांची भाषा मिळाली, अशी कितीतरी कर्णबधिर माणसे उत्तम वाचतात, लिहितात आणि वकील, प्राध्यापकही होतात.

मराठीच्या खाचाखोचा

आता आपल्या मराठीकडे पाहा. "आईने मुलाला औषध दिले" आणि "आईला मुलाने औषध दिले." फक्त "ने" आणि "ला" यांची जागा बदलली. आपल्या कानाला फरक लगेच कळतो. पण जो आई, मूल, औषध, दिले एवढे ठळक शब्द पकडून वाचतो, त्याला दोन्ही वाक्ये सारखीच दिसतात.

आजारपणाचे आपले शब्द तर आणखी फसवे आहेत. "डोळे आले." डोळे कुठून आले? "तोंड आले." "पोट गेले." "दिवस गेले." "अंगावर जाते." "पाळी चुकली." हे आपण कानाने शिकलो, म्हणून कधी विचारही करत नाही. ज्या बाईने मराठी फक्त कागदावर पाहिली, तिला "शेवटची पाळी कधी आली?" या फॉर्मवरच्या प्रश्नातली पाळी कोणती आणि ती येते म्हणजे काय, हे शब्दांवरून कसे कळणार? कामाची पाळीसुद्धा "पाळी"च असते.

त्यात कागदावरची सरकारी मराठी. "सदर औषधाचे सेवन भोजनोत्तर करण्यात यावे." हे आपल्या वस्तीतल्या ऐकणाऱ्या दहावी पास पोरालाही दोनदा वाचावे लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तर बीडी, टीडीएस, एचएस अशी अक्षरे असतात. दिवसातून दोनदा, तीनदा, रात्री झोपताना असा त्यांचा अर्थ मेडिकलवाला तोंडी सांगतो. तोंडी सांगितलेलेच ज्याला कळत नाही, त्याने काय करायचे?

आमच्या ओळखीच्या एका वस्तीत पंचविशीतला एक कर्णबधिर तरुण टीबीच्या गोळ्या घेत होता. त्याच्या कागदावर लिहिलेले होते, "गोळ्या रोज उपाशीपोटी घ्याव्यात." त्याला "उपाशी" हा शब्द माहीत होता, "पोट" माहीत होते, "रोज" माहीत होते. त्याने अर्थ लावला, की गोळ्या घेतल्या की रोज उपाशी राहायचे. सकाळी गोळ्या घेऊन तो संध्याकाळपर्यंत काही खात नव्हता. वजन उतरत गेले. घरच्यांना वाटले आजार वाढला, शेजाऱ्यांना वाटले पोराने जगण्याची आशा सोडली. महिन्याने त्याच्या एका कर्णबधिर मित्राने व्हिडिओ कॉलवर खुणांनी विचारले, तेव्हा उलगडा झाला. त्या तरुणाने काहीही चुकीचे केले नव्हते. कागदाने सांगितले तेवढे त्याने इमानाने पाळले होते. "सकाळी ७ वाजता गोळ्या. ८ वाजता नाश्ता. दुपारी जेवण. रात्री जेवण." अशा चार ओळी लिहिल्या असत्या, तर त्याचा महिना वाया गेला नसता.

ओठ वाचणे ही जादू नव्हे

"त्याला ओठांवरून सगळे कळते," असे घरचे अभिमानाने सांगतात. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता "बाबा, पापा, मामा" म्हणा. तिन्ही वेळा ओठ सारखेच हलतील. "बाळ, माळ, पाळ" म्हणून पाहा, तेच होईल. क, ख, ग हे तर घशाकडे तयार होतात, ओठांवर दिसतच नाहीत. ओठ वाचणारा माणूस निम्म्याहून अधिक भाग अंदाजाने भरत असतो. ओळखीच्या विषयात अंदाज जमतो. नवा आजार, नवे औषध, नवा डॉक्टर असेल तर अंदाज चुकतो. कोरोनाच्या काळात सगळ्यांची तोंडे मास्कने झाकली आणि हा आधारही गेला. सरकारच्या सूचना त्या वेळी फोनच्या कॉलर ट्यूनवर वाजत होत्या. त्या कर्णबधिरांसाठी नव्हत्याच.

आणखी एक गोष्ट. न समजताही मान हलवणे ही बऱ्याच कर्णबधिर माणसांची सवय होते, कारण तिसऱ्यांदा विचारले की समोरचा वैतागतो. म्हणून "समजले का?" या प्रश्नाला मिळालेल्या होकारावर भरवसा ठेवू नये. "गोळी कधी घेणार ते दाखवा," असे विचारावे.

खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे

खुणा म्हणजे हातवारे किंवा नक्कल असे पुष्कळांना वाटते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, काळ दाखवणारा शब्द आधी येतो, चेहरा आणि भुवया यांनी प्रश्न आणि नकार दाखवले जातात. मराठी विभक्ती तिच्यात नाहीत. म्हणजे मराठी कागद वाचणारा कर्णबधिर माणूस खरे तर दुसऱ्या भाषेतला कागद वाचत असतो.

या भाषेवर मोठा अन्याय झाला आहे. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिथे जवळजवळ सगळे ऐकणारेच होते. शाळेत खुणा बंद आणि फक्त तोंडी बोलणे, असा ठराव त्यांनी केला. जगभरच्या शाळांनी तो उचलला, भारतातल्या शाळांतही तोंडी पद्धतीचेच वर्चस्व राहिले. ज्यांच्यासाठी निर्णय घेतला त्यांना त्यात आवाज नव्हता. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला. मधली १३० वर्षे कोणी भरून देणार नाही. अक्षरापासून दूर ठेवल्याचे दुःख काय असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आता परिस्थिती थोडी हलली आहे. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. २०२१ पर्यंत त्याच्या शब्दकोशात १०,००० शब्द आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सांकेतिक भाषेला जागा मिळाली आणि एनसीईआरटीची पुस्तके त्या भाषेत आणण्याचा करार झाला. पण हे दिल्लीतून आपल्या गल्लीतल्या आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचलेले नाही. आमच्या नर्सिंग डिप्लोमात खुणांच्या भाषेचा एकही तास नव्हता.

"खुणा शिकवल्या तर पोर बोलणार नाही," ही भीती बरेच आईबाप बोलून दाखवतात. काही डॉक्टरही तसे सांगतात. या भीतीला आधार नाही. लवकर मिळालेली खुणांची भाषा मुलाच्या डोक्यात भाषेचा पाया घालते आणि त्या पायावर वाचन उभे राहते. मशीन जरूर लावा, कॉक्लिअर इम्प्लांटचा सल्ला मिळाला तर विचार करा, वाचाउपचार करा. पण त्याच्या यशाची वाट पाहत मुलाला बिनभाषेचे ठेवू नका. भुकेल्या मुलाला उद्याच्या पंगतीच्या आशेवर आज उपाशी ठेवत नाहीत.

सही कोणाची, निर्णय कोणाचा?

सगळ्यात गंभीर प्रश्न संमतीपत्राचा आहे. ऑपरेशनचा कागद कर्णबधिर बाईसमोर ठेवला जातो. सासू किंवा नवरा बोटाने जागा दाखवतो आणि ती सही करते. पिशवी काढणार, की मूल बंद करणार, की गाठ काढणार, हे तिला कोणी सांगितले? अशी सही म्हणजे संमती नव्हे. आमच्या मते तो कागदावरचा खोटेपणा आहे.

दुभाष्याचे काम घरच्यांवर सोडणे ही सोय नसून धोका आहे. ज्या बाईच्या अंगावरचे वळ नवऱ्याने उठवले, तिचे म्हणणे तोच नवरा डॉक्टरला सांगतो. दहा वर्षांच्या मुलीला आईच्या गर्भाशयाबद्दल बोलायला लावले जाते. एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार, याबद्दल कर्णबधिर माणसाला खासगीत बोलताच येत नाही. ऐकणाऱ्या रुग्णाला मिळणारा आडोसा त्याला मिळत नाही.

२०१६ च्या कायद्यात संवादाची व्याख्याच अशी आहे, की तीत सांकेतिक भाषा, मोठे छापील अक्षर, दृश्य माध्यमे आणि सोपी भाषा हे सगळे येते. कलम २५ प्रमाणे सरकारी आणि खासगी दवाखान्यांत अडथळ्याविना प्रवेश आणि उपचारात प्राधान्य मिळायला हवे. आमच्या दृष्टीने न समजणारा कागद हाही अडथळाच आहे, पायऱ्यांसारखाच. रॅम्प बांधला की फोटो छापून येतो. सोपा कागद आणि दुभाषी दिला तर फोटोत काही दिसत नाही, म्हणून ते काम मागे पडते.

आपण काय करू शकतो?

सगळे सरकारवर सोडून चालणार नाही आणि सरकारला सोडूनही चालणार नाही.

कर्णबधिर माणसासाठी लिहायचे असेल तर एका ओळीत एकच गोष्ट लिहा. "जेवणानंतर दोन वेळा" ऐवजी घड्याळाची वेळ लिहा. सूर्य आणि चंद्र काढा, तेवढ्या गोळ्यांचे गोल काढा. "न चुकता घेतल्याशिवाय राहू नये" असले दुहेरी नकार टाळा. आजाराचे नाव लिहून दुखणाऱ्या जागेचे चित्र दाखवा. मग त्यांच्याकडून उलट समजून घ्या. असा कागद निरक्षर आजीलाही उपयोगी पडतो.

घरात लहान बाळ असेल तर लक्ष ठेवा. मोठा आवाज झाला तरी दचकत नाही, हाक मारली तर वळत नाही, वर्षाचे झाले तरी "मामा-बाबा" म्हणत नाही, तर "उशिरा बोलेल, त्याचा बापही उशिराच बोलला" म्हणून थांबू नका. पहिल्या महिन्यात कानाची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार आणि भाषा, हे जगभर मानलेले वेळापत्रक आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला बाळ दाखवा. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. गोवर-रुबेलाची लस चुकवू नका, कारण गरोदरपणी आईला रुबेला झाला तर बाळ कर्णबधिर जन्माला येऊ शकते. कानात गरम तेल घालू नका. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या.

वस्तीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आरोग्याची सूचना नुसत्या आवाजात टाकू नका, सोबत दोन ओळी लिहा. व्हिडिओ असेल तर खाली अक्षरे असू द्या. कर्णबधिर शेजाऱ्याला फोन न करता मेसेज करा किंवा व्हिडिओ कॉल करा. कोणालाही "मुका" म्हणू नका. त्याचा गळा धडधाकट आहे, न ऐकलेले बोलता येत नाही एवढेच.

बुद्धविहारात शिवणकामाचे आणि स्पर्धा परीक्षेचे वर्ग चालतात. रविवारी एक तास खुणांच्या भाषेचा ठेवा. शिकवायला त्याच वस्तीतला कर्णबधिर तरुण किंवा तरुणी बोलवा आणि त्याचे मानधन द्या. दहा घरांतल्या दहा जणांना "दुखते कुठे", "कधीपासून", "ताप", "रक्त", "भीती वाटते का" एवढे जरी खुणांनी विचारता आले, तरी त्या वस्तीतला कर्णबधिर माणूस एकटा राहणार नाही.

आणि आरोग्य केंद्राकडे लेखी मागणी करा. प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात सांकेतिक भाषेचा प्रशिक्षित दुभाषी हवा, लहान केंद्रात व्हिडिओ कॉलवर तरी हवा. नंबर पुकारण्यासोबत पाटीवर दिसला पाहिजे. संमतीपत्र चित्रांसह सोप्या मराठीत हवे आणि ते कोणत्या पद्धतीने समजावले याची नोंद केसपेपरवर हवी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात खुणांच्या भाषेचे तास हवेत. अर्जाखाली वस्तीतल्या ऐकणाऱ्या आणि न ऐकणाऱ्या अशा सगळ्यांच्या सह्या घ्या. त्याआधी मात्र तो अर्ज प्रत्येकाला त्याच्या भाषेत नीट समजावून सांगा.